कुसाबाईंचं चौथं शील

मी बोलतेय, पण आवाज माझा नाही. मी कॅसेट. माझ्यात राहतो तो आवाज कुसाबाईंचा.

नाशिकरोडच्या एका वस्तीतल्या विहारात कुसाबाई दर पौर्णिमेला पंचशील सांगायच्या. शहाण्णव साली त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं. आवाज जाईल, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून सून मनीषानं मला कोरी विकत आणली आणि टेपचं लाल बटण दाबलं.

"शील म्हणजे हुकूम नाही," कुसाबाई म्हणाल्या. "कोणी शिक्षा करत नाही. आपणच आपल्याला दिलेला शब्द असतो."

मग त्या सावकाश म्हणत गेल्या. जीव घेणार नाही. न दिलेलं उचलणार नाही. व्यभिचार करणार नाही. खोटं बोलणार नाही. नशा करणार नाही. प्रत्येकानंतर थांबल्या, ऐकणाऱ्यांना म्हणता यावं म्हणून.

ऑपरेशननंतर त्या फार जगल्या नाहीत. मी वाजत राहिले.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात त्यांचा मुलगा वाल्मीक घोटीहून टेम्पो घेऊन आला. पुढचा दिवा फुटला होता. "वासरू आडवं आलं," तो मनीषाला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. विहारात न्यायच्या आधी मी नीट वाजतेय का, हे बघायला मनीषानं भर दुपारी मला लावलं. वाल्मीक भिंतीला टेकून बसला होता. सवयीनं दोघंही मागे म्हणत होती. चौथं शील आलं. मनीषानं म्हटलं. तो गप्प.

पाचवं येईना.

फीत पुढे सरकत होती, मला ते जाणवत होतं. पण शब्द नव्हते. नुसता श्वास होता, दुखऱ्या गळ्यातून घरघरणारा.

"आई थांबल्यात," मनीषा हळूच म्हणाली.

"टेप बिघडलाय. बंद कर तो."

तिनं बटण दाबलं. माझी चाकं थांबली. श्वास थांबला नाही.

वाल्मीकनं कान दाबून धरले. मग हात खाली घेतले.

"वासरू नव्हतं गं. सायकलवाला होता. मी प्यायलो होतो. तसाच पळालो."

तेव्हा कुठे खोलीत शांतता झाली. मनीषा उठली, चपला घातल्या. "चला चौकीवर. मी येते बरोबर."

सायकलवाला सरकारी दवाखान्यात होता. जगला, पण पाय गेला. वाल्मीकला शिक्षा झाली.

आता विहारात माझ्यावरून काढलेली सीडी लावतात. तिच्यात पाचवं शील वेळेवर येतं. शील म्हणता म्हणता कोणी मोबाइल कानाला लावून "मी अजून त्र्यंबकलाच आहे" असं सांगतं. सीडी त्याच्यासाठी थांबत नाही.

सुटून आलेला वाल्मीक मनीषासमोर बसून शील म्हणतो. चौथ्यापाशी ती त्याच्या तोंडाकडे बघत राहते, तो बोलेपर्यंत.

मला आता पुसून टाकलंत तरी चालेल.