शमीमचा चुडा

दुकान बंद राहिलं की बांगड्या लहान होतात, हे गोदाकाकींना टाळेबंदीत कळलं.

सकाळी मागच्या दाराने त्या झाडलोट करायला गेल्या, तेव्हा भरल्या अंगाच्या बायकांचं माप शाळकरी पोरींवर आलं होतं. काचेला तडा नव्हता, रंगही तोच होता. बांगड्या फक्त दांड्यांवर घट्ट बसल्या होत्या, ओढूनही निघत नव्हत्या.

"हात लागत नाही ना त्यांना," यजमान म्हणाले. यजमानांना सगळी गल्ली तात्या म्हणायची. "बायका यायला लागल्या की येतील मापावर."

तात्या खोकत हॉस्पिटलात गेले ते परत आले नाहीत. काकींनी स्वतःच्या बांगड्या न्हाणीघरात एकटीने उतरवल्या. अशा वेळी पाठीशी शेजारीण बसते, पण कुणाला यायची मुभा नव्हती. खोलीत आल्यावर त्यांना आठवलं, संक्रांतीला याच दुकानापुढची रांग पार पाणपोईपर्यंत जायची, आणि तात्या आतून ओरडायचे, "ढकलू नका गं, काच आहे!"

टाळेबंदी उठली. बायका आल्या, तोंडाला मास्क लावून, पायरीवर लांब उभ्या राहिल्या.

"काकी, हात न लावता भरता येतील का हो?"

आता बांगडी भरायची म्हणजे आधी हात हातात घेऊन, दाबून दाबून तो मऊ करायचा. हात न लावता कशी भरणार? बायका ओशाळून परत गेल्या. बांगड्या आणखी एका मापाने आवळल्या.

पारू भाजीवालीच्या हातातल्या मात्र होत्या तशाच होत्या. याच दुकानातल्या, टाळेबंदीच्या आदल्या दिवशी भरलेल्या. काकींनी चार जुड्या मेथी उगाचच उलटीपालटी केली आणि तिच्या मनगटाकडे बघत राहिल्या. हातात असली की बांगडी मापाला राहते, एवढं त्यांना त्या दिवशी समजलं.

मग चौकात काहीतरी झालं. कशावरून, ते प्रत्येकाने वेगळं सांगितलं. दगड आले, पाठोपाठ बाटल्या आल्या. समोरचं अमीन पिंजाऱ्याचं गाद्यांचं दुकान दुपारभर जळत होतं. पेटलेला कापूस गल्लीत तरंगत होता, उन्हात सुंदर दिसत होता. संचारबंदी लागली आणि सकाळपर्यंत दुकानातल्या सगळ्या बांगड्या बाहुलीच्या मापाच्या झाल्या.

एकच चुडा अजून मापावर होता. अमीनच्या शमीमसाठी बाजूला काढलेला, हिरवा, दोऱ्याने बांधलेला. गल्लीतल्या मुलीचा लग्नाचा चुडा कासाराने आपल्याकडून भरायचा, ही तात्यांच्या आजोबांपासूनची रीत. शमीम पाळण्यात होती तेव्हाच तात्या अमीनला म्हणाले होते, "हिचा हात माझ्याकडे." काकींनी दोरा चाचपला. गाठ सैल पडायला लागली होती, म्हणजे हाही आवळायला लागला होता.

त्यांनी चुडा सोडला आणि साबणाचं पाणी घेऊन तो आपल्याच हातांत भरला. दर ईदला शमीमचा हात त्यांनीच भरला होता. दोघींचं माप एक होतं.

वरच्या मजल्यावरची जाऊ कमळजा जिन्यात थबकली.

"गोदे, अगं हे काय! हातभर हिरवा चुडा? लोक काय म्हणतील?"

"लोक घरात बसलेत."

"आणि तात्याभाऊजी?"

"त्यांचाच शब्द राखतेय," काकी म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या भाकरी थापतानाही कोपर वर धरून थापायच्या.

एका दुपारी संचारबंदी थोडा वेळ उठली. शटर अर्धंच उघडायचा हुकूम होता. शमीम खाली वाकली. मागे टेम्पोत कपाटं, जळकं पिंजण आणि तिची आई दिसत होती.

"काकी, उद्या निकाह आहे, मामूच्या गावी. अब्बा म्हणतात, आता परत यायचं नाही. माझा चुडा द्या."

"चुडा देत नसतात गं. भरतात."

"मग भरा. पण लवकर. तो टेम्पोवाला आधीच कुरकुरतोय."

काकींनी पहिली बांगडी उतरवली. हातातून सुटल्याबरोबर ती अंगठीएवढी झाली आणि पायरीवरून घरंगळली.

"ही आमच्या मांजरीला होईल," शमीम म्हणाली. हसता हसता तिचे डोळे भरले. "काकी, बाकीच्यापण अशाच?"

"हात आण इकडे. मास्क राहू दे. बोटांना बोटं लाव."

शमीमने फटीतून हात आत घातला. काकींनी तो दाबून मऊ केला. कितीतरी महिन्यांनी त्या कुणाचा हात दाबत होत्या. मग त्यांनी आपली बोटं तिच्या बोटांना टेकवली आणि दुसऱ्या हाताने बांगडी सरकवली. ती काकींच्या बोटांवरून शमीमच्या बोटांवर गेली, मध्ये कुठेच रिकामी झाली नाही. तिच्यामागून दुसरी गेली. एक हात भरला, मग दुसरा. काकींची मनगटं पुन्हा मोकळी होत गेली.

"दुखतंय का?"

"नाही. तुम्हाला?"

शेवटची बांगडी बोटांच्या टोकांवर आली, तेव्हा चौकातून पोलिसांची जीप आली. "शटर खाली! शटर खाली!" बाहेरून कुणीतरी काठीने शटर ओढलं. ते दोघींच्या हातांवर येऊन टेकलं. टेम्पो घुरघुरला.

"शमीम, चल बेटी!" अमीनची हाक आली.

"काकी, हात काढू?"

"नको."

बोटं न सोडताच शमीम टेम्पोत चढली. टेम्पो निघाला. पारूच्या भाजीच्या गाडीजवळून पुढे गेला, पाणपोईपाशी वळला, त्याचा आवाज लांब लांब जात राहिला. फटीतून आलेला शमीमचा हातही लांबत गेला. बोटं मात्र काकींच्या बोटांना टेकून होती, उबदार, आणि हिरवी बांगडी दोघींच्या मधोमध अडकली होती.