दारातला धोत्रा

विविनने स्क्रीनवर दोन बोटं टेकवून फोटोतली दाराची चौकट सरळ केली, आणि फूल वाकडं झालं.

तिने परत फिरवून पाहिलं. आता फूल सरळ लोंबलं, तर चौकट कलली.

"काय मेलं हे," ती पुटपुटली आणि ओढणीने काच पुसली.

"फोनला कशाला दोष? फुलं तूच वाकडी काढलीस," इतोहमावशी म्हणाल्या. शेजारीण असल्या तरी विविनच्या सासऱ्यांच्या, आबांच्या, ओसरीवर सासूचा तोरा त्यांचाच असायचा. पुढ्यात पपईचा ढीग होता आणि मांडीवर विविनने केलेलं नवंकोरं बाटिकचं वस्त्र. "हे बघ. या टोकाला सरळ, मग थोडी तिरकी, आणि त्या टोकाला तर झिंगलेलीच. पोटुशीच्या अंगावर आधीच धोत्रा, त्यात हा असा!"

"सासूबाईंनी लावलेलं झाड आहे, मावशी."

"लावलं ना? खाल्लं तर नव्हतं!"

बायका खिदळल्या. विविनची नणंद लिलिसही पोटाला हात लावून हसली. तिला सातवा महिना होता. उद्या माहेरच्या अंगणात तिला सात झऱ्यांच्या पाण्याने न्हाऊ घालायचं, एकामागून एक सात वस्त्रं तिच्या अंगाभोवती धरायची, आणि मग अख्ख्या वाडीने फळांचा तिखट-गोड रुजाक खायचा. सातवं वस्त्र वहिनीचं, असं लिलिसनेच हट्टाने ठरवलं होतं.

विविन हसली नाही. कापडावर मेणाने नक्षी काढणं हा तिचा धंदा, आणि नक्षीसाठी ती वर्षभर सासऱ्यांच्या दारातल्या डोंगरी धोत्र्याचे फोटो काढत आली होती. पावसातली खाली तोंड करून लोंबणारी पांढरी फुलं, कोरड्या दिवसांत शिरा वर आलेली पानं, कळीचा पीळ. नक्षीला रेघ सरळ लागते, म्हणून प्रत्येक फोटो ती मागच्या चौकटीला जुळवून सरळ करून ठेवायची. वस्त्रावरची फुलं तिने त्याच फोटोंवरून ओळीने काढली होती.

ती एकेक फोटो उघडू लागली. गेल्या पावसाळ्यातलं फूल ओळंब्यासारखं होतं. कोरड्या दिवसांतलं जरासं डावीकडे. वारा असेल, असं तेव्हा वाटलं होतं तिला. परवाचं फूल तर चांगलंच डावीकडे गेलं होतं. पण परवा पान हलत नव्हतं. पाकळीच्या टोकाला पाण्याचा एक थेंब होता, तोही तिरका लोंबत होता.

थेंब कधी तिरका लोंबतो का?

तिने फोन खाली केला. हे वाडीतलं सगळ्यात वरचं घर. मागे डोंगर, आणि डोंगरावर महिनाभराचा पाऊस मुरलेला. फूल नव्हतं हललं, घर कललं होतं. आणि ती स्वतःच दर महिन्याला ते बोटाने सरळ करत बसली होती.

आतून रंध्याचा आवाज येत होता. विविन उठून आत गेली. आबांनी दार बिजागरीतून काढून आडवं टाकलं होतं आणि ते त्याची कड तासत होते.

"आबा, उद्याचं इथे नको."

"का? पावसाला भ्यालीस?"

तिने फोन पुढे केला आणि एका दमात सगळं सांगितलं. आबांनी नीट पाहिलंही नाही.

"तुझा हात वाकडा."

"वर्षभर थोडा थोडा वाकडा होत गेला?"

"हळू बोल. पोर दोन जिवांची आहे. सणाच्या आदल्या दिवशी अभद्र नको."

"तिच्यासाठीच बोलतेय."

बोलता बोलता तिची नजर दारावर गेली. वरच्या कोपऱ्यात वीतभर लाकूड तासून गेलं होतं. ते एका दिवसाचं काम नव्हतं. खालचे काप जुने, काळपट पडलेले होते.

"आबा, हे दार कितीदा तासलंत?"

"पावसात लाकूड फुगतं."

"आणि उन्हात?"

आबांचा हात थांबला. त्यांनी कडेवरचा भुसा हाताने झटकला.

"तुझ्या सासूला इथेच घरामागे माती दिली," ते म्हणाले. "दार लागतंय तोवर घर आहे, असं धरून चाललो होतो मी."

तेवढ्यात मागच्या बाजूने इतोहमावशींची हाक आली. "अगं बाई! हे कसलं पाणी? झरा लाल चिखल ओकतोय! आता सातवं पाणी कुठून आणायचं?"

आबांनी मान वर केली. रागाचा लवलेश नव्हता, तोंड एकदम म्हातारं दिसलं.

"लिलिसला खाली ने. तुझ्या अंगणात करा काय ते. भांडीकुंडी राहू देत."

"आणि तुम्ही?"

"दार लावून येतो."

"ते आता लागायचं नाही, आबा."

तिने त्यांच्या हातातून रंधा काढून घेतला आणि आपल्या पिशवीत टाकला. मग आबा उठले.

उतरताना मावशींनी चिरलेल्या पपईसाठी सगळ्यांचा जीव खाल्ला, पण वाटेतल्या दोन्ही घरांना हाका मारमारून त्यांनीच बाहेर काढलं. ओढ्यापलीकडे, विविनच्या अंगणात पोचल्यावर लिलिस पायरीवर बसली. विविनने सातवं वस्त्र तिच्या खांद्यांवर पांघरलं. आबा दगडावर बसले.

"तो फोटो दाखव. परवाचा."

तिने दाखवला. मुळात होता तसाच, कललेल्या घराचा.

"असा नको गं. तू करतेस तसा, सरळ करून."

विविनने ओढणीने काच पुसली. तिने दोन बोटं टेकवली आणि हळूच फिरवली. चौकट सरळ झाली. भिंत ताठ उभी राहिली. फूल तेवढं डावीकडे गेलं.

आबांनी फोन हातात घेतला.

"अस्संच होतं," ते म्हणाले.

वरून आवाज आला. आधी लाकूड तासल्यासारखा, मग मोठा, मग कुणाची हाकही ऐकू येईना. बायका किंचाळत अंगणाच्या कडेला धावल्या. आबा जागचे हलले नाहीत. फोनची काच अंधारत आली, तसं त्यांनी बोट लावून ती पुन्हा उजळवली.