वाढत्या अंगाचा फ्रॉक

"स्टुलावर चढ," मावशी म्हणाल्या.

मुलगी स्टुलाकडे नुसतीच बघत राहिली. कपड्यांसाठी स्टुलावर चढायचं असतं, हे तिला ठाऊक नव्हतं. तिचे कपडे दुकानातल्या पिशवीतून यायचे आणि तोकडे झाले की दुसऱ्या पिशवीतून कुणाकडे तरी जायचे.

"चढ गं. तू पडलीस तर मी आहे. मी पडले तर तुझे बाबा आहेत."

दारातले बाबा कसंनुसं हसले. "मावशी, हिची आई लग्नाआधी तुमच्याकडे शिवण शिकायला यायची. हा फ्रॉक तिनेच शिवलेला. आता पार तोकडा झालाय, पण ही सोडायला तयार नाही. दोन दुकानांत दाखवला. ते म्हणतात, नवा घ्या."

"आत या की. शिष्येचा नवरा म्हणजे जावईच आमचा. जावयाला दारात उभं केलं असं कळलं तर ती मला…"

वाक्य तिथेच सोडून मावशींनी गळ्यातली टेप काढली. त्यांची ती शिष्या गेल्याला दोन वर्षं होत आली होती. बाबा उंबऱ्यापाशीच उभे राहिले.

एके काळी आळीतलं प्रत्येक पोर या स्टुलावर उभं राहिलेलं होतं. तेव्हा कपडे अंगाच्या मापाचे नसत, वाढत्या अंगाचे असत. पहिल्या वर्षी पोर कपड्यात हरवून जाई, दुसऱ्या वर्षी दोघांचं जमे, तिसऱ्या वर्षी खालची दुमड उसवून कापड सोडावं लागे. मग जुन्या घडीची रेघ राही आणि रेघेखाली गडद रंगाचा पट्टा दिसे. तो कुणी लपवत नसे. उलट, "माझ्या फ्रॉकला दोन पट्टे, तुझ्याला एकच," अशी शाळेत भांडणं होत.

मापं घेताना मावशींच्या ओठांत टाचण्या असत. पोराने चुळबुळ केली की त्या ओठ न उघडता दटावत, "हंऊ नकोश." तेवढं ऐकायला मिळावं म्हणून पोरं मुद्दाम हलत. मावशींनाही ते कळत असे. दटावायचं त्यांनी कधी बंद केलं नाही. आणि आपलं अंग वाढतंय, कुणीतरी ते निगुतीने मोजतंय, याचा एक गुदगुल्यांसारखा आनंद त्या स्टुलावर असे.

पुढे तयार कपडे आले, आणि स्टुलावर मावशींचा रेडिओ येऊन बसला. आज त्यांनी तो उचलून खाली ठेवला होता.

मुलगी चढली. मावशींनी वाकून तिच्या अंगातल्या फ्रॉकची कड हातात घेतली. "तुझी आई कशी होती, सांगू? हात सुरेख, पण माया सोडायची म्हटलं की जिवावर यायचं. कापड वाया जातं म्हणायची."

"माया म्हणजे?"

"शिवणीच्या आत जादा कापड ठेवतात ना, ती माया. पुढे लागेल म्हणून."

"ठेवलीये का तिने?"

 दुमड बोटांत धरून मावशी घेराभोवती हळूहळू फिरल्या. मग कात्री उचलली.

"उसवू नका," मुलगी म्हणाली.

"अगं, उसवल्याशिवाय मोठा कसा होणार?" बाबा म्हणाले.

"हे टाके आईचे आहेत."

"पण मग घालता नाही यायचा तुला, बाळा."

"मला घालायचाय."

 मावशींनी कात्री ठेवून दिली. समजूत घातली नाही की घाईही केली नाही. मुलीला खाली उतरवून खिडकीपाशी बसवलं आणि फ्रॉकची कड तिच्याच हातात दिली.

"आधी बाजूची शिवण बघ. जोर लावून ओढ."

मुलीने ओढली. शिवण हलली नाही.

"आता खालची दुमड बघ. काय दिसतं?"

मुलगी कडेवर वाकली. "हे टाके मोठे आहेत. आणि सैल."

"हातांनी घातलेत म्हणून. मशीन असताना हातांनी का घातले असतील?"

मुलीने एका टाक्याखाली नख घातलं. मावशी वाट बघत राहिल्या. उत्तर जवळ आलं की आपण बोलायचं नाही, हे त्यांना मुलांनीच शिकवलं होतं.

"लगेच निघावेत म्हणून?" मुलीने विचारलं.

"कायमचं असेल ते मशीनवर शिवायचं. पुढे उसवायचं असेल ते हातांनी, सैल. मीच शिकवलं होतं तिला. हे टाके उसवण्यासाठीच घातलेत, बाळ." मग त्या बाबांकडे वळल्या. "कधी शिवला हो हा?"

"शेवटचं दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा. तिला बसवतसुद्धा नव्हतं. मी म्हटलं, राहू दे, तयार आणू. ऐकलं नाही."

मावशींनी मान हलवली. मुलीची दोन बोटं धरून त्यांनी दुमडीवर दाबली. "ही एक घडी लागली? आता जरा आत. ही दुसरी. हिचे टाके वेगळे आहेत. यंदा एवढी पहिलीच सोडू. दुसरी आहे तशी राहू दे. वाढशील तेव्हा लागेल."

बाबा आत आले आणि भिंतीला टेकून जमिनीवरच बसले.

मावशींनी मुलीच्या हातात कात्री दिली. "गाठ तेवढी काप. दोरा ओढायचा, पण झटका द्यायचा नाही."

मुलीने गाठ शोधली, कापली. टाके एकामागून एक निघत गेले. दोरा कुठे अडला नाही की तुटला नाही. वरचा फ्रॉक धुऊन धुऊन फिका पडला होता. घडीतून मात्र गडद निळं कापड उलगडत आलं, आईने दुमडलं तेव्हापासून कुणाच्याच नजरेला न पडलेलं. मुलीने त्याच्यावरून हात फिरवला, एकदा, मग उलट दिशेने पुन्हा.

उसवलेली घडी दाबायला लावलेली इस्त्री केव्हाच तापली होती. मावशींनी तिचं बटण बंद केलं आणि शेजारी बसून राहिल्या.