कौल न हललेलं घर

सुमनला बघायला पाहुणे यायचे म्हटल्यावर छबूबाईंनी सगळ्यांत आधी सुके बोंबील हलवायला लावले.

"तुमाला कोकन्यांना वास येत न्हाई, पर माझ्या म्हशीबी नाक मुरडत्यात," असं त्या गेली आठ वर्षं म्हणत होत्या. रविवारी कालवण उकळलं की वाटी घेऊन दारात यायलाही त्या आठ वर्षांत कधी चुकल्या नव्हत्या.

"पाहुणे कोकणातलेच आहेत, छबूबाई," मंजुळाबाई म्हणाल्या. "बोंबील बघून उलट खूश होतील."

"होऊ द्या की मागनं. आज त्यास्नी पोरगी दिसाया पायजे, बोंबील न्हाई."

चिखलीत छबूबाईंच्या मळ्याच्या कडेला दोन खोल्या होत्या. अठ्ठेचाळीसच्या वादळानंतर ज्योतीराम आणि मंजुळाबाई घाट चढून आले आणि थोड्याच महिन्यांत या खोल्यांत शिरले ते तिथेच राहिले. ज्योतीरामांचं कुलाबा जिल्ह्यातल्या गावी माडांवर पोट होतं. ते माडच आडवे झाले. नवा माड लावला तर तो फळाला येईपर्यंत माणसानं काय खायचं, हे कुणाला सांगता येईना. इथे आधी मिळेल ते काम केलं, पुढे पिंपरीच्या कारखान्यात चिकटले. सायकलवरून जात, सायकलवरून येत, आणि जेवताना न चुकता म्हणत, "इथल्या पाण्याला चव नाही." गावच्या विहिरीचं पाणी अर्धं खारं होतं, पण त्याबद्दल मंजुळाबाई त्यांना कधी बोलत नसत.

मुलगा होता भिमाजी. ज्योतीरामांच्याच खात्यात कामाला होता, आणि मंजुळाबाईंच्या माहेरापासून दोन खाड्या सोडून त्याचं गाव. वर्षभर तो दर रविवारी जेवायला येई. सरपणाचा ओंडका फोडून देई, कमी बोले. त्या दिवशी सुमनची वेणी जरा जास्तच घट्ट घातलेली असे. आई आंधळी नव्हती. बापाला तर घाईच झाली होती. लेक किनाऱ्यावर दिली की वर्षातून एकदा तरी समुद्र बघायला हक्काचं कारण मिळेल, असा त्यांचा सरळ हिशोब.

सगळ्यांचं ठरलं होतं. फक्त मंजुळाबाई हो म्हणाल्या नव्हत्या.

मुलगा चांगला होता, त्यात वाद नव्हता. पण त्यांच्या मुलखात मुलगी मुलाला देत नाहीत, घराला देतात. पुरुष मुंबईला, बोटीवर, गिरणीत, नाहीतर असे घाटावर. नवरा शिमग्याला आणि गणपतीला भेटतो. घर रोज भेटतं. भिमाजी चार-पाच जणांत एका खोलीत पथारी टाकून राहत होता. तेव्हा लग्नानंतर सुमननं गावी राहायचं, त्याच्या चुलत्यांच्या एकत्र घरात, हे न बोलताच ठरल्यासारखं होतं.

आणि त्या किनाऱ्यावर घर म्हटलं की वादळ आलंच.

तिथल्या वादळांना नावं नव्हती, पण ओळखी होत्या. मंजुळाबाईंच्या पणजीच्या तोंडी एक वादळ होतं, समुद्र वेताळाच्या पायरीपर्यंत आला होता ते. दुसरं, सगळ्या विहिरी खारट करून गेलेलं. त्या साली पोरांना शहाळ्याच्या पाण्यात भात शिजवून घातला म्हणे. तिसऱ्यानं खाडीचं तोंडच हलवलं, आणि होड्या ओढणाऱ्या एका आळीला नांगर धरायला लावलं. मग चाळीसचं आणि अठ्ठेचाळीसचं, ही अंगावरची. माणसाचं वय यावरूनच निघायचं: "चाळीसच्या वादळात हा रांगत होता." भांडणं, वाटण्या, लग्नं, सगळं वादळाच्या अलीकडचं किंवा पलीकडचं.

यात मंजुळाबाईंना लहानपणीच एक गंमत लक्षात आली होती. पुरुष वादळ सांगायला बसले की काय काय पडलं ते सांगत. माड किती, होड्या किती, कुणाचं आढं कुठे जाऊन पडलं. बायका सांगत त्यात पडझड नसेच. बायका सांगत, कोण कुणाच्या घरात बसलं होतं. आणि चालायचा तो बायकांचाच इतिहास. पहिल्या पिकलेल्या आंब्याची पाटी कुठे पोचवायची, कुणाच्या लग्नाला बोलावणं नसलं तरी जायचं, हे दोन-दोन पिढ्या त्यावर ठरे. ज्या घराचं दार त्या दिवशी उघडलं नाही, त्याच्याशी कुणी भांडत नसे. नुसतं त्यांच्या अंगणातून जाणं बंद होई.

चाळीसच्या वादळात सुमन वर्षाची होती. छप्पर गेलं तेव्हा मंजुळाबाई तिला पोटाशी बांधून पळाल्या. एक दार वाजवलं, ते उघडलं नाही. दुसरं उघडलं. आत माणसं, शेरडं, कोंबड्या, सगळं एकात एक. काळोखात पोर या मांडीवरून त्या मांडीवर गेली. भीतीनं मंजुळाबाईंचं दूध आटलं होतं. कुणीतरी सुमनला आपल्या अंगावर घेतलं. कोण ती, ते दिसलं नाही, आणि सकाळी विचारायचं सुचलं नाही. पुढे गावातल्या प्रत्येक लेकुरवाळीकडे त्या जरा जास्तच मायेनं बघत. न जाणो, हीच असेल.

तर पाहुणे आले. भिमाजीचे थोरले चुलते आबाजी पुढे, धोतराचा सोगा हातात धरून. मागे भिमाजीची आई अंबुबाई, कपाळापर्यंत पदर ओढलेली विधवा बाई. मुलगा रिवाजाप्रमाणे आला नव्हता, पण मळ्याच्या बांधावरच्या बाभळीमागे एक सायकल बराच वेळ उभी होती. ती सगळ्यांना दिसली आणि कुणीच पाहिली नाही.

सुमननं पोह्यांच्या बशा दिल्या, नाव सांगितलं, आत गेली. आबाजी खूश झाले. खूश झाले की घराविषयी बोलायचा त्यांचा स्वभाव असावा.

"घर आमच्या आजोबांनी बांधलंय, विहीणबाई. सागाचे खांब. जांभ्याच्या भिंती, हाताएवढ्या रुंद."

"विहिरीला पानी हाय का?" छबूबाईंनी मध्येच विचारलं. त्या मुलीच्या बाजूनं बसल्या होत्या आणि गप्प बसणं त्यांना जमत नव्हतं.

"बारमाही."

"आन् म्हशी?"

"दोन आहेत. तर काय सांगत होतो, चाळीसच्या वादळात आख्खी आळी उघडी पडली. आमचं घर उभं. अठ्ठेचाळीसला तर देवळाचा कळस गेला. आमच्या घराचं एक कौल हललं नाही. एक!" आबाजींनी बोट वर केलं. "अजून लोक लांबून बघायला येतात."

ज्योतीरामांनी बायकोकडे पाहिलं. आता तरी हो म्हण, असं त्या पाहण्यात होतं.

"मोठं घर असेल," मंजुळाबाई म्हणाल्या.

"मोठं म्हणजे! ओटी, माजघर, मागची पडवी. गावजेवणाची पंगत बसेल."

"मग त्या रात्री घरात माणसं किती होती?"

आबाजींना प्रश्न कळला नाही. "कुठल्या रात्री?"

"अठ्ठेचाळीसच्या."

"आमचीच, घरातली. त्या वाऱ्यात बाहेरचं कोण येणार? दारं लावून आत बसलो. बाहेर काय झालं ते सकाळीच कळलं बघा." आणि ते हसले. त्यांच्या हसण्यात लबाडी नव्हती, हेच मंजुळाबाईंना जास्त लागलं.

अंबुबाईंच्या हातातली बशी तशीच राहिली होती.

"या जरा आत," मंजुळाबाई त्यांना म्हणाल्या. "चहाला साखर किती ते सांगा."

चुलीपाशी दोघी बसल्या. साखरेचं कुणीच काढलं नाही. अंबुबाईंनी पदर थोडा मागे घेतला आणि चुलीतल्या लाकडाकडे बघत म्हणाल्या, "तू का विचारलंस ते कळलं मला, बाय."

"मी एकदा दाराच्या बाहेर होते," मंजुळाबाई म्हणाल्या.

"मी आत होते." अंबुबाई म्हणाल्या. "दार वाजत होतं. थोरले भावोजी म्हणाले, वारा आहे. वारा दार वाजवतो गो, पण हाक नाय मारत. शेजारची होती, लेकराला घेऊन. माझ्या नावानं हाक मारत होती. भिमा उठला अडसर काढायला, मिसरूडही फुटलं नव्हतं त्याला. भावोजी दाराला पाठ लावून बसले. म्हणाले, दार उघडलं तर वारा आत शिरेल, आढं उचलेल, सगळे मरू. खोटं होतं असंही नाय. घरं जातात तशी."

"ती बाई?"

"वाचली. पुढच्या घरात घेतली तिला. रोज माझ्या दारावरून पाण्याला जाते. बोलत नाय. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं." त्यांनी लाकूड आत सारलं. "भिमा त्यानंतर आत झोपला नाय कधी. गणपतीला येतो, चुलत्याच्या पाया पडतो, ओटीवर घोंगडी टाकतो. लोकांना वाटतं उकडतं त्याला."

मंजुळाबाईंच्या अगदी ओठावर आलं होतं: तू का नाही उठलीस? पण त्यांनी समोरच्या बाईकडे पाहिलं. घरात जिचा नवरा नाही, जिच्या मुलाला दुसऱ्याच्या ताटात जेवायचंय, ती बाई थोरल्या दिराला ऊठ कसं म्हणणार? आणि चाळीस साली ज्या घरानं त्यांना आत घेतलं, तिथला अडसर तरी कुणी काढला होता? सासऱ्यानं, की एखाद्या सुनेनं? सतरा वर्षं मंजुळाबाई त्या घराला नमस्कार करत होत्या. हात कुणाचा होता ते माहीतच नव्हतं.

मागच्या दाराशी सुमनची बांगडी वाजली. पोर ऐकत होती. नाही म्हटलं तर ही रडेल; रडेल आणि ऐकेलही, कारण तशी वाढवली होती. हो म्हटलं तर एखाद्या दिवशी ती त्या जाड भिंतींच्या आत बसेल, बाहेरून कुणीतरी हाक मारेल, आणि तिला वारा म्हणायला शिकवतील. मंजुळाबाईंना लेक वादळात जाण्याची भीती होतीच. ही दुसरी भीती त्याहून मोठी आहे, हे त्यांना आत्ता, चहा उतू जाताना कळलं.

त्या चहा घेऊन बाहेर आल्या. आबाजी सुपारी कातरत होते.

"मग विहीणबाई? साखर वाटायची का?"

"मुलगा पसंत आहे," मंजुळाबाई म्हणाल्या. "घर नाही."

"अगं!" ज्योतीराम अर्धे उठले.

"आता गं बया," छबूबाई म्हणाल्या आणि नीट मांडी घालून बसल्या.

आबाजींचा अडकित्ता थांबला. "एक कौल हललं नाही म्हणतोय मी, आणि घर नाही? मुलगी काय मुलाच्या खांद्यावर संसार मांडणार? माप ओलांडायला उंबरा लागतो, बाई!"

उंबरा लागतोच. सासरच्या उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवतात, नवी नवरी ते पायानं लवंडून आत येते, तेव्हा ती त्या घरची होते. हे लवंडल्याशिवाय लग्न झालंसं कुणी मानणार नव्हतं. मंजुळाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या. ज्योतीराम आता पाहुण्यांची माफी मागणार, हे त्यांच्या खाकरण्यावरून कळत होतं.

"माप सासू ठेवते, भावोजी."

स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. पदर पुन्हा कपाळापर्यंत आलेला होता, आणि नजर जमिनीवर. आबाजींनी मान वळवून पाहिलं. आपल्याशी हे कोण बोललं, ते त्यांना क्षणभर समजलं नसावं. या बाईनं इतक्या वर्षांत त्यांच्यापुढे तोंड उघडलं नव्हतं.

"मी ठेवीन तिथे उंबरा," अंबुबाई म्हणाल्या. "मी ते इथे ठेवीन. भिमाच्या खोलीत."

"भिमाची खोली? तिथे चार पथाऱ्या आहेत. आणि तू? तू कुठे राहणार?"

"माप ठेवणारी उंबऱ्याच्या आतल्या अंगाला उभी असते. तिथेच."

छबूबाईंना राहवलं नाही.

"माझी पलीकडची खोली हाय," त्या म्हणाल्या. "कांदं पडल्यात तितं. काढते. पर सांगून ठिवते, पत्रा जुना हाय. तुमच्यासारखी सागाची थेरं न्हाईत आमच्याकडं. वारं सुटलं की वाजतो."

"वाजू दे," अंबुबाई म्हणाल्या.

ज्योतीरामांच्या तोंडावरून समुद्र हळूहळू मागे गेला. ओहोटी लागल्यासारखं दिसलं ते. मंजुळाबाईंना त्यांची दया आली. गणपतीला मीच घेऊन जाईन यांना, असं त्यांनी मनात ठरवलं, आणि आपलंही पाऊल त्या वाळूवर पडेल या विचारानं त्या दचकल्या.

आबाजी उठून जातील असं सगळ्यांना वाटलं होतं. ते उठले नाहीत. कातरलेली सुपारी त्यांच्या तळहातावर तशीच होती. ते दाराकडे बघत होते. बाहेर ऊन होतं, बाभळीमागे सायकल होती.

"वाराच होता तो," ते म्हणाले.

त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

मंजुळाबाईंनी साखरेची वाटी घेतली. आधी ज्योतीरामांना द्यायची, की मुलाच्या आईला, असा जरा प्रश्न पडला. मग त्या आबाजींच्या पुढ्यात जाऊन बसल्या आणि वाटी धरून राहिल्या. हात पुढे व्हायला वेळ लागला. त्यांना घाई नव्हती.