फुकटातली वीस पानं

लेखकाने आपल्या कथासंग्रहाचं ई-बुक स्वतःच काढलं आणि किंमत ठेवली चारशे. चहाच्या भावात पुस्तकं विकणाऱ्यांची नावं निघाली की तो नाक मुरडायचा. "माझा वाचक किंमत बघत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. दीड महिना झाला तरी पुस्तकाला कोणी हिंग लावूनही विचारलं नाही, तेव्हा तो उठता-बसता वाचकांची अक्कल काढू लागला.

चपलांचं दुकान चालवणारी त्याची मेहुणी हे ऐकून ऐकून विटली. विक्रीच्या साइटवर नमुना म्हणून पुस्तकाची पहिली वीस पानं फुकट होती, ती तिने दुकानात बसून वाचून काढली आणि संध्याकाळी थेट त्याच्या घरी आली.

"भाऊजी, यात गोष्ट कुठंय? अर्पणपत्रिका आहे, दोन प्रस्तावना आहेत, तुमचं लांबलचक मनोगत आहे, आभारात तुमचा दाताचा डॉक्टरसुद्धा आहे. गोष्ट सुरू व्हायच्या आत वीस पानं संपली."

"वाचकाची आधी तयारी करून घ्यावी लागते."

"मी गिऱ्हाइकाच्या पायात चप्पल घालते, मग भाव सांगते. तुम्ही नुसतं खोकं दाखवून चारशे मागताय."

चपला विकणारीने आपल्याला साहित्य शिकवावं, याचा त्याला मनस्वी राग आला. पण बोलणं झोंबलं होतंच. रविवारी बसून त्याने किंमत निम्मी केली, आणि ती आपण का उतरवली हे वाचकांना नीट कळावं म्हणून मनोगतात आणखी सहा पानं घातली.