कुंपणाच्या आत

बाबांनी फोनवर शब्द दिला होता, आणि बाबा दिलेला शब्द फिरवणाऱ्यांतले नव्हते. कुंपणातलं गवत गेलं, की त्या दिवशी तुझ्याकडे राहायला येईन. तोवर हा विषय काढायचा नाही. तिनं काढला नाही. पण छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून तिला स्वच्छ सांगितलं होतं, की आणखी एक धुळीचा हंगाम बाबांची फुप्फुसं सोसणार नाहीत. आणि हंगाम तोंडावर आला होता. म्हणून रजा टाकून, गाडीच्या मागच्या सीटवर उशी नि पांघरूण ठेवून ती निघाली. गवत गेलंय हे तिला ठाऊक होतं. बाबांना ते दाखवायचं आणि त्यांना घेऊन परत यायचं, एवढंच काम होतं.

ठाऊक होतं, कारण तिची नोकरीच ती होती. शहरातल्या कचेरीत ती आकाशातून टिपलेली जमिनीची छायाचित्रं वर्षावर्षानं शेजारी लावून बघत बसायची. लोकांना वाटतं, वाळवंट भरतीच्या पाण्यासारखं एका बाजूनं चालून येतं. ते तसं येत नाही. कसर लागलेल्या शालीसारखं असतं ते. आधी इथं एक भोक, तिथं एक. विहिरीभोवती, वाटेच्या कडेला, नांगरून टाकून दिलेल्या तुकड्यात. शाल अजून शालच दिसते, ऊबही देते. मग एका वर्षी भोकं एकमेकांना जाऊन मिळतात.

त्यांच्या भागात आधी शेळ्या वाढल्या होत्या. मग ओळीनं काही वर्षं पाऊस बरा झाला, तशी लोकांनी कुरणं नांगरली, कारण चांगलं वर्ष माणसाला नेहमीचंच वाटतं. पंप आले, विहिरी खोल गेल्या, ओढ्याकाठच्या झाडांची मुळं पाण्यापर्यंत पोचेनाशी झाली. पाऊस रुसला तेव्हा नांगरलेली जमीन तशीच टाकून लोक निघून गेले आणि तिची वरची माती वाऱ्यानं उचलली. प्रत्येक वेळी दोष कुणाच्या तरी एकाच्या माथी बसला, आणि तो बसेपर्यंत कारण पुढं सरकलेलं असायचं.

बाबांच्या तरुणपणी दोष शेळ्यांचा होता. तेव्हा कचेरीनं माळाचा एक मोठा चौकोन तारेनं बंद केला, आत एकही जनावर शिरू द्यायचं नाही असं ठरवलं आणि बाबांना राखणीला नेमलं. बघता बघता आत गवत गुडघ्याला लागलं. बाहेर उघडी माती आणि आत वाऱ्यावर डुलणारं गवत. लांबून लांबून साहेबलोक बघायला यायचे आणि बाबा, पाहुण्याला नवं घर दाखवावं तसे, बाजूला सरून त्यांना आत घ्यायचे. पुढं साहेब बदलले, प्रयोग संपला, बाबा निवृत्त झाले. पण राखण संपली असं त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी मानलं नसतं.

बाबांचा धाकटा भाऊ, तिचा काका, शेळ्या पाळायचा. एका कोरड्या वर्षी तो सगळा कळप घेऊन कुंपणाच्या दाराशी येऊन उभा राहिला होता. बाबांनी दार उघडलं नाही. काकानं कळप विकून टाकला आणि भावाचं नाव गवतराव ठेवलं. पण आई गेल्यावर भावाकडे राहायला आला तोही काकाच, आणि आता बाबांचं घराबाहेर पडणं थांबल्यापासून चूल, औषधं, उष्टंखरकटं सगळं तोच बघत होता.

ती पोचली तेव्हा काका खिडकीच्या फटीत ओलं फडकं कोंबत होता. ताटल्या, पेले, सगळं पालथं घातलेलं. तिनं चहाचा कप हातात घेतला तोवर वर तवंगासारखी धूळ आली होती. बाबा पलीकडच्या खोलीत झोपले होते. त्यांचा श्वास भिंतीतून ऐकू येत होता.

"गवताचं काय सांगता तुम्ही त्यांना?" तिनं हलक्या आवाजात विचारलं.

"सांगतो, आहे. काल होतं, आजही आहे," काका म्हणाला. "तो विचारतो कसं आहे, मी म्हणतो तुझ्यासारखं, वाळलंय पण उभं आहे. मग हसतो."

तिनं फोनवरचा शब्द त्याला सांगितला. काकाचा हात फडक्यावर थांबला.

"म्हणजे मीच खोटं बोलून त्याला इथं अडकवून ठेवलाय म्हण की."

तिनं चहावरची धूळ बोटानं बाजूला केली. मग काका म्हणाला, आता तूच सांग, तुझं ऐकेल. माझं काय, मी शेळ्यांचा माणूस.

तिच्याकडे सांगण्यासारखं याहून जास्त होतं, आणि ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. वाऱ्याचा हंगाम येण्याआधी दर वर्षी बाबा बाहेरची काटेरी झुडपं तोडून त्यांच्या फांद्या तारांमध्ये गच्च खोचायचे, करडं आत घुसू नयेत म्हणून. असं करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं; ती त्यांची स्वतःची युक्ती होती आणि साहेबांनी तिची तोंड भरून तारीफ केली होती. लहानपणी तीसुद्धा फांद्या ओढत आणायची. कचेरीत छायाचित्रं लावताना तिला त्या चौकोनाभोवती एक फिकट रेघ दिसली, दर वर्षी जाड होत जाणारी. झुडपं तुटली तशी बाहेरची माती सुटी झाली. सुटी माती वाऱ्यानं उचलली. वारा फांद्यांवर आपटून मंदावला, आणि हातातलं ओझं टाकावं तशी त्यानं वाळू तिथंच टाकली. कुंपणाला लागून वाळूचा बांध चढत गेला आणि एके वर्षी तारेवरून आत कलंडला. हे ध्यानात आलं त्या दुपारी ती खुर्चीवरून उठून पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ जागेवर परतली नाही.

बाबा उठले, तिला पाहून खूश झाले आणि चहाही न घेता म्हणाले, चल, दाखवतो. काकानं एका बाजूनं धरलं, तिनं दुसऱ्या. जुन्या कोटात त्यांचं अंग हरवलं होतं. वाटेत ते पुन्हा पुन्हा थांबत आणि थांबल्याचं कारण म्हणून काहीतरी दाखवत: इथं पाणवठा होता, इथं तुझी चप्पल तुटली होती.

बांध समोर आला. वाळू कुंपणाच्या वरपर्यंत चढली होती. खोचलेल्या फांद्यांची टोकं तेवढी बाहेर डोकावत होती. आत, जिथवर नजर जाईल तिथवर, वाळूच्या बारीक लाटा. बाबांनी काकाकडे पाहिलं. काका आपल्या चपलेतली वाळू झटकू लागला.

"उभं आहे म्हणालास," बाबा म्हणाले.

"म्हणालो खरा, दादा."

तिला वाटलं, झालं. आता हळूच गाडीकडे वळवायचं. तिनं त्यांच्या कोपराला हात लावला. पण बाबा पुढं चालू लागले होते, कुंपणाच्या कडेकडेनं, दाराकडे.

दार नुसतं तारेचं होतं. ये-जा करायची म्हणून त्यात बाबांनी कधी फांद्या खोचल्या नव्हत्या. आणि त्या दाराच्या आत, बरोबर दाराच्या रुंदीचा एक पट्टा, गवत उभं होतं. विरळ, पिवळं, पण बुडाशी हिरवं. दोन्ही बाजूंना खांद्याइतकी वाळू आणि मधे ही एक गल्ली.

बाबा खाली बसले. गवताच्या बुडाशी बोटं घालून त्यांनी ओल चाचपली. मग दाराकडे पाहिलं, मग फांद्यांच्या भिंतीकडे, मग पुन्हा दाराकडे. त्यांचा विचार पावलापावलानं कुठं निघालाय ते तिला दिसत होतं, विहिरीच्या काठाकडे निघालेलं मूल दिसावं तसं.

"चिमणे," ते म्हणाले, "तू वरून बघतेस सगळं. तिथं वाळू बसली, इथं नाही बसली. असं का?"

काका खाकरला आणि माळाकडे बघू लागला.

उत्तर तिच्या जिभेवर होतं, एका वाक्यात मावणारं. ते बोललं असतं तर बाबा मुकाट्यानं उठून गाडीत बसले असते, उशीला डोकं टेकून शहरात आले असते, आणि तिच्या घरच्या खिडकीशी हात मांडीवर ठेवून बसून राहिले असते. तिनं त्या हातांकडे पाहिलं. काट्यांनी ओरबाडून ओरबाडून मनगटापर्यंतची कातडी दोरखंडासारखी झाली होती.

"वारा बदललाय, बाबा," ती म्हणाली. "पूर्वी समोरून यायचा, आता तिरपा येतो. तुमच्या फांद्यांनी एवढा तरी अडवला, नाहीतर हे केव्हाच गेलं असतं."

फांद्यांचं ते वाक्य बोलायची गरज नव्हती. ते आपोआप आलं.

बाबांचा चेहरा सैल झाला. "मला वाटलंच," ते म्हणाले. "वारा काय, आज असा, उद्या तसा. फिरेल परत." त्यांनी त्या पट्ट्यावरून सावकाश हात फिरवला. "आणि गवत गेलंय कुठं? हे काय मग? गेल्यावर यायचं ठरलं होतं आपलं."

तिनं डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. एक्स-रेत काय दिसतं ते सांगितलं. हंगामापुरतं तरी चला, म्हणाली. मग विनवणी केली, मग चिडली. पाहुण्यानं निघताना, आता तुम्ही या आमच्याकडे, असं म्हणावं आणि आपण हो हो करावं, तसं बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी दाराच्या तारा ओढून पाहिल्या.

"हे दार आता उघडायचं कुणासाठी? साहेब थोडेच येणार आहेत. तिरपा वारा इथूनच शिरेल. हेही फांद्यांनी भरून टाकू."

"झुडपं राहिलीत कुठं, दादा?"

"ओढ्यापलीकडं आहेत की. कोयता आण. दोरी आण."

काका हलला नाही. त्यानं तिच्याकडे पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली.

"हं?"

त्यांनी मान वर केली. छातीत शिट्टी वाजत होती, ओठ निळसर पडले होते, आणि आई गेल्यापासून तिनं त्यांना इतकं समाधानी पाहिलं नव्हतं.

"काही नाही."

काका कोयता नि दोरी आणायला गेला. ओढ्यापलीकडचं एक झुडूप तोडून झालं की बाबा जमिनीवर बसत, दम धरत आणि पुढचं दाखवत. काका तोडायचा, ती ओढून आणायची. ऊन उतरू लागलं तेव्हा दार अर्धं भरलं होतं. बाबांनी तिला पलीकडून यायला सांगितलं, वरचं टोक धर म्हणाले, घट्ट, नाहीतर गाठ बसत नाही. तिनं काटेरी फांदी दोन्ही हातांनी तारेवर दाबून धरली. काट्यांमधून आतलं गवत अजून दिसत होतं. बाबा गाठ मारत होते, सुटली की पुन्हा मारत होते. माळावर वारा उठला. पहिले कण फांदीवर आपटले आणि तिच्या पायाशी पडले.