शेंदराखालची पाटी

मी पाच हॉर्सपॉवरच्या विजेच्या मोटारीच्या अंगावरची पितळी पाटी बोलतेय. 'पाच' मुद्दाम सांगते, कारण या एका आकड्यासाठी मला आठ वर्षं तोंड दाबून बसावं लागलं.

कारखान्यात माझ्यावर अक्षरं ठोकली आणि चार रिव्हेट मारून मला मोटारीला जखडलं. पाच हॉर्सपॉवर, चारशे व्होल्ट, साडेसात अँपिअर. याहून जास्त बोलायची मला मुभा नाही आणि कमी बोलायची तर मुळीच नाही.

१९४८ साली आम्ही लकडगंजात ईश्वरदास शेठजींच्या आरामशीनवर, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीवर आलो. नत्थूजी मिस्त्रींनी मला वाचून वायर टाकली, फ्यूज बसवला. माणूस कामाचा चोख, पण भारी देवभोळा. पहिल्याच दसऱ्याला त्यांनी मोटारीची पूजा केली आणि तेलात कालवलेला शेंदूर नेमका माझ्या तोंडाला फासला! पुढे दरसाल एक थर. अरे, पूजेला अख्खी मोटार पडली होती ना? मला भयंकर राग येई.

मी दिसेनाशी झाले आणि शेठजींना जोर चढला. त्याच मोटारीवर त्यांनी दुसरा आराही जोडला.

"हिले झेपून नाही राहिलं, शेठजी," नत्थूजी म्हणाले.

"धाची मोटार हाय. काहून भिऊन राहिला गा?" पाचाची मोटार शेठजींनी परस्पर दहाची करून टाकली!

फ्यूज सारखा उडू लागला, तर शेठजींनी स्वतःच्या हातानं त्यात जाड तार कोंबली. मी तापत होते, 'पाच, पाच' म्हणून ओरडत होते. शेंदरातून आवाज कुठला जायला!

१९५६च्या उन्हाळ्यात मोटार जळाली. भुशानं पेट घेतला. भुसा भरणाऱ्या अनुसयाबाईंनी घमेल्यानं रेती ओतली म्हणून आरामशीन वाचली.

वीजखात्याचे इन्स्पेक्टर मनोहरराव तपासायला आले. शेठजींनी सरळ नत्थूजींकडे बोट दाखवलं. "धाच्या मोटारीले यानं पाचाची बारीक वायर लावली. याचं लायसनच काढून घ्या साहेब." मोटारीचे कागद म्हणे हरवले होते. लायसन गेलं की नत्थूजींना गावात कोणी तारेला हात लावू देणार नव्हतं.

"पाटी वाचल्याशिवाय मी काहीही लिहिणार नाही," मनोहरराव म्हणाले.

"तो देव हाय साहेब! देवाले कोनी खरवडते का?"

आठ वर्षांत शेठजींनी मला एकदाही हात जोडले नव्हते, हे मीच सांगते.

नत्थूजींचा हात मात्र खरंच उठेना. त्यांचाच शेंदूर, त्यांचाच देव. शेवटी अनुसयाबाईंनी नारळाची करवंटी त्यांच्या हातात ठेवली. "देवाचं तोंड तुमीच बुजवलं ना जी? मंग तुमीच मोकळं करा."

नत्थूजींनी डोळे मिटून नमस्कार केला आणि करवंटी चालवली. पापुद्रे गळाले. मनोहरराव वाकले आणि त्यांनी मोठ्यानं वाचलं, "पाच!" वायर बरोबर ठरली, लायसन शाबूत राहिलं आणि दुसरा आरा त्याच दिवशी उतरला.

आतली जळकी तार नव्यानं गुंडाळून मोटार परत आली. परवाच्या दसऱ्याला शेठजी स्वतः शेंदराची वाटी घेऊन आले. अंगठा माझ्यापर्यंत आला, तोच नत्थूजींनी त्यांचं मनगट धरलं.

"तिथं नाही, शेठजी. वर लावा."

तर मंडळी, पूजा खुशाल करा, हार घाला, नारळ फोडा. पण आधी मला वाचा. मला झाकून काही साधेल असं वाटत असेल, तर आणखी आठ थर चढवून बघा. मी पितळेची आहे. करवंटी लागली की पाचच म्हणेन.